मारोतराव विचारतात

मारोतराव निखाडे यांनी उभ्या आयुष्यात कधी कोणाला काही विचारलं नव्हतं. हा त्यांचा अभिमान होता, आणि इंदुताईंच्या मते हाच त्यांचा आजार होता.

नोकरीच तशी मिळाली होती. एका तालुक्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे त्यांची हयात गेली. वणी लागली का, पांढरकवडा गेली का, यवतमाळ कुठं उभी राहते, जाळीला तोंड लावून माणसं विचारायची आणि मारोतराव सांगायचे. लगेच नाही. पहिल्यांदा विचारलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं की ते चष्म्यावरून बघायचे. तिसऱ्यांदा विचारलं की "बोर्ड दिसत नाही का?" म्हणायचे आणि मग सांगायचे. त्यांनी सांगितलेली वेळ आणि बसची वेळ यांचा मेळ जमला नाही, तर चूक बसची, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

खिडकीमागे बसणाऱ्यानं खिडकीपुढे उभं राहू नये, हे तत्त्व त्यांनी घरीही पाळलं. एकदा इंदुताईंच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न वणीकडच्या एका खेड्यात होतं. दोघं स्कूटरवरून निघाले. पुढे रस्त्याला फाटा आला. पाटी नव्हती. लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा बसला होता. स्कूटर थांबलेली पाहून तो काठी टेकून उठलासुद्धा.

"त्या बुवाले विचारा ना," इंदुताई मागून म्हणाल्या.

"मी? मी अख्ख्या जिल्ह्याले रस्ता सांगतला, आन् आता मी विचारू?" असं म्हणून मारोतरावांनी डावीकडे स्कूटर घातली.

पुढे मांडव होता, बँड होता, लग्न लागून पंगती बसल्या होत्या. दोघं बसले. वांग्याची भाजी झकास होती, बुंदी दोनदा वाढून घेतली. हात धुऊन आहेर द्यायला वर गेले तेव्हा इंदुताईंना दिसलं की नवरी आपली नाही. नवराही आपला नाही. त्या कानात कुजबुजल्या. मारोतरावांनी शांतपणे आहेर नवरदेवाच्या हातात दिला, फोटो काढून घेतला आणि खाली उतरताना म्हणाले, "जेवण झालं ना? मंग?" त्या अनोळखी घराच्या अल्बममध्ये हे दोघं आजही ताठ उभे आहेत.

मग एक दिवस ते निवृत्त झाले. शाल, नारळ, फेटा, भाषणं, सगळं झालं. राळेगावला घर बांधलेलं होतं, तिथं येऊन राहिले. आणि मग मारोतरावांच्या लक्षात आलं की आता आपल्याला कोणी काहीच विचारत नाही. लोक बसची वेळ मोबाइलात बघतात. मुलगा नागपूरहून फोन करतो तो आईला. सकाळी ते स्टँडवर जाऊन उगाच उभे राहायचे. एखादा माणूस इकडेतिकडे बघताना दिसला की जवळ जाऊन म्हणायचे, "वर्धेची तिकडून लागते." तो म्हणायचा, "माहीत आहे. मी इथंच राह्यतो." खरं सांगायचं तर त्यांना फार वाईट वाटायचं. ज्या प्रश्नांवर जन्मभर करवादले, त्यांच्याच आठवणीनं जीव कासावीस व्हायचा. घरात तर ते इंदुताईंच्या मागं स्वयंपाकघरात जाऊन न विचारलेली उत्तरं द्यायला लागले होते. फोडणीत तेल किती घालावं, इथपासून.

शेजारी सदाशिवराव राहायचे. त्यांची मुलगी वैष्णवी यवतमाळला इंजिनिअरिंग शिकली होती आणि तिनं एक उद्योग करून ठेवला होता. लिनक्स नावाची एक प्रणाली असते, कॉम्प्युटर चालवणारी. फुकट आणि सगळ्यांना मोकळी. जगभरचे लोक ती घेतात आणि आपापल्या सोयीनं बदलून आपली आवृत्ती काढतात, जसं तिखट-मीठ तेच पण घरोघरच्या भाजीची चव निराळी. वैष्णवीनं अशीच एक आवृत्ती काढली, मराठीतली, भंगारात निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालणारी. पडद्यावर फक्त तीन मोठी चित्रं: लिहा, पाहा, छापा. नाव ठेवलं पळस. कुठल्याही मशिनीत टाका, पळसाला पानं तीनच.

पळस शाळांत गेला, वाचनालयांत गेला, बी-बियाण्यांच्या दुकानांत गेला. राळेगावपलीकडच्या तांड्यावर हंसाबाई राठोड महिलांचा बचत गट चालवायच्या, त्यांच्याकडे गेला. वणीच्या कोळशाच्या रस्त्यावर पिंटूचा ट्रक मोजायचा काटा होता, तिथंही गेला. पिंटूच्या खोलीत टेबलाला जागा नव्हती, म्हणून त्यानं मॉनिटर छताला टांगायला वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून घेतली. चौकट उलटी झाली. आता परत कोण जोडत बसणार, म्हणून त्यानं वैष्णवीला फोन केला आणि तिनं चौकटीऐवजी पळसच बदलला. काही बटणं एकदम दाबली की पडद्यावरचं चित्र उलटं होईल अशी सोय करून दिली. ही मारोतराव यायच्या आधीची गोष्ट.

पळस पसरला तसा वैष्णवीचा फोन वाजायला लागला. आणि आपल्याकडे फोन केला की लगेच कामाचं बोलणं बरं दिसत नाही.

"जेवली का पोरी?"

"हो."

"तुमच्याकडं पाणी आलं का? आमच्याकडं कालपासून नाही. कापूस कसा आहे बाबाचा?"

"चांगला आहे. काम काय होतं?"

"ते चालत नाही."

"काय चालत नाही?"

"तेच!"

वैतागून तिनं इंटरनेटवर एक जागा तयार केली. एकानं तिथं लिहून विचारायचं, ज्याला येत असेल त्यानं लिहून सांगायचं, आणि ते सगळं तिथंच राहतं म्हणून पुढच्याला तेच परत विचारावं लागत नाही. नाव ठेवलं पार. पारावर चिटपाखरू फिरकलं नाही. लोक फोनच करत राहिले. तशात तिला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती अंगणात बापाला सांगत होती, "दिवाळीपर्यंत पाहतो बाबा. नाही तं पळस बंद करतो. उत्तर देणारं कोणी नाही आन् लोकांच्या मशिनीत हे टाकून ठेवाचं, हे काही बरोबर नाही."

कुंपणाच्या अलीकडे मारोतराव कढीपत्ता तोडत होते. बाकीचं त्यांना नीट समजलं नाही, पण 'उत्तर देणारं कोणी नाही' एवढं बरोबर समजलं. कढीपत्ता हातात घेऊन तसेच ते शेजाऱ्याच्या अंगणात गेले. मी करू का, असं विचारणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "मी बसतो."

वैष्णवीनं त्यांच्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर पळस टाकला आणि पुढे पुण्याहून रोज थोडं थोडं शिकवलं. शिकताना काही चुकलं तर ते कॉम्प्युटरचं चुकायचं. पारावर नावाशेजारी फोटो लागतो म्हणून तिनं फोटो मागितला. मारोतरावांचा बरा फोटो एकच होता, निरोप समारंभाचा. डोक्याला फेटा, अंगावर शाल, गळ्यात हार, हातात नारळ, आणि चेहरा असा की आता कोणाची तरी खैर नाही. तोच लावला. चूक तिथंच झाली होती, पण तेव्हा ती कोणाच्याच लक्षात आली नाही.

वैष्णवीनं लोकांना मारोतरावांचा नंबर दिला, फोन त्यांच्याकडे यायला लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी शिस्त लावली.

"फोनवर नाही. खिडकीवर या."

"कोणती खिडकी?"

"तो पार. तिथं लिहा."

"पण काकाजी, फोन तं लागला ना!"

"लागला. आता ठेव."

मग लोक यायला लागले. आधी पिंटू आला.

"काकाजी, चालत नाही."

"कोणती मशीन? काय केलं होतं? आता काय दिसून राह्यलं? तिन्ही सांग, नाही तं मागं सरक, दुसऱ्याले येऊ दे."

मागं कोणी नव्हतं, तरी पिंटू मागं सरकला. दुपारी जेवून आला आणि तिन्ही लिहून सांगितलं. मारोतरावांनी उत्तर दिलं. झेडपीच्या शाळेतल्या दिपाली मॅडम आल्या, हंसाबाई आल्या, बियाण्याच्या दुकानातला आला, वाचनालयातला आला. मारोतराव सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसायचे. दुपारी पारावर 'जेवणाची सुट्टी' असं लिहून उठायचे आणि तेवढ्या वेळात आग लागली तरी बघायचे नाहीत. जे येत नव्हतं ते वैष्णवीकडून समजून घ्यायचे, पण विचारायचे नाहीत. फोन करून म्हणायचे, "वैष्णवी, एक अमुक असं झालं आहे," आणि गप्प बसायचे. ती हसून सांगायची. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. इंदुताईंनी फोडणीत मनाजोगतं तेल घातलं.

दसऱ्याला वैष्णवी घरी आली. आपट्याची पानं द्यायला आली आणि पार उघडून बसली. मारोतराव मागे हात बांधून उभे राहिले. शाबासकीची वाट बघत होते.

"काकाजी, प्रश्न एवढे जणांचे. उत्तर सगळे तुमचेच?"

"एकही पेंडिंग नाही."

"बाकी कोणीच काही बोलत नाही?"

"बोलतात ना. हे पाह्य." प्रत्येक उत्तराखाली जोडलेल्या हातांची चित्रं होती आणि 'बरोबर आहे काकाजी' होतं. ओळीच्या ओळी होत्या.

वैष्णवीचा चेहरा पडला. "काकाजी, हा पार नाही झाला. ही तुमची खिडकी झाली. आधी मी एकटी होती, आता तुम्ही एकटे आहात. तुमाले ताप आला तं?"

"मले ताप येत नाही."

"माह्यी नोकरी आता वाढली. मी रात्रंदिवस तुमच्या मागं नाही राहू शकत. लोकांनी एकमेकाले सांगितलं, तं पळस टिकते. दिवाळीपर्यंत तसं झालं तं ठेवू. नाही तं बंद करू काकाजी, अर्धवट नको." मग ती म्हणाली, "थोडे दिवस तुम्ही चूप राहून पाहा."

मारोतरावांना चूप राहा म्हणणं म्हणजे पोळ्याच्या बैलाला मिरवू नको म्हणण्यासारखं. पण पळस बंद झाला तर आपण पुन्हा स्टँडवर उभे राहणार, जिथं माणसं म्हणतात 'माहीत आहे', हे त्यांना दिसत होतं. ते चूप राहिले. हातांची घडी घालून, दात दाबून बसले.

पारावर दिपाली मॅडमनी लिहिलं, प्रिंटरमध्ये कागद अडकतो, काय करू. खाली एकानं हात जोडले: काकाजी सांगतील. दुसऱ्यानं हात जोडले: काकाजीची वाट पाहा. मग तिसऱ्यानं. मग त्या पारावर फक्त जोडलेले हात. काही दिवसांनी इंदुताईंना फोन यायला लागले. "काकाजी दवाखान्यात आहेत का? कोणत्या?"

आणि एका सकाळी हंसाबाई राठोड एसटीनं येऊन दारात उभ्या राहिल्या. हातात सीताफळांची पिशवी आणि चेहरा सांत्वनाला यावं तसा. आत बघतात तर मारोतराव चिवडा खात होते.

"अवो, तुमी तं धडधाकट आहा! आमच्या तांड्यात बाया म्हणे, काकाजीचं काही खरं नाही."

"मले काय झालं? मी चूप बसलो आहे. तुमी लोक एकमेकाले सांगत काहून नाही? ते मॅडमचं प्रिंटरचं पडून आहे."

"ते तं मले येते," हंसाबाई सहज म्हणाल्या. "आमचा बी तसाच अडकते. मागचं झाकण उघडून कागद मागून ओढा लागते. पुढून ओढला का फाटते."

"येते? मंग लिहत काहून नाही बाई?"

हंसाबाईंनी पदर सारखा केला आणि कॉम्प्युटरवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "तुमी असे फेटा बांधून, नारळ घेऊन म्होरं बसलेले. आमच्या तांड्याचा मुखिया, नायक, बसला असन, तं बाई मधात तोंड घालते का? उद्या म्हणान, काकाजीहून शहाणी झाली."

मारोतरावांनी त्याच दिवशी फोटो बदलला. दुसरा फोटो ओळखपत्रावरचा होता. तो पाहून लोक हात जोडायचेही थांबले. मग त्यांनी एक आदेश काढला: 'उद्यापासून सर्वांनी एकमेकांना उत्तरे द्यावीत. टाळाटाळ चालणार नाही.' खाली सगळ्यांनी लिहिलं, 'हो काकाजी'. उत्तर एकानंही दिलं नाही.

"तुमी सोता काही विचारा ना," इंदुताई सीताफळ फोडता फोडता म्हणाल्या.

"काय विचारू? मले सगळं येते."

"सगळं येते त्याच्या म्होरं कोण बोलन? मी तरी कुठी बोलतो?"

हे मात्र साफ खोटं होतं. पण मारोतरावांना राग आला आणि ते टोपी घालून स्टँडवर निघून गेले.

दिवाळी तोंडावर आली. इंदुताईंनी साफसफाई काढली आणि मारोतरावांच्या हातात ओलं फडकं दिलं. त्यांनी कॉम्प्युटर पुसला. बटणांवरून तर चांगला जोर लावून पुसला. मान वर करून बघतात तो पडद्यावरचं सगळं उलटं. लिहा, पाहा, छापा, तिन्ही चित्रं शीर्षासन करून उभी.

त्यांनी बंद करून सुरू केला. उलटाच. प्लग काढून लावला. उलटाच. वर एक थाप मारली. शेवटी काहीच चालेना, तेव्हा मारोतरावांनी त्यांच्या स्वभावाला धरून मार्ग काढला. त्यांनी मॉनिटरच उलटा केला. खाली दोन उशा दिल्या, एक जुनी लुंगी घेऊन तो खिडकीच्या गजाला बांधला, आणि समोर बसून म्हणाले, "झालं."

सदाशिवराव दिवाळीचा चिवडा किती करायचा ते बोलायला आले होते. ते बराच वेळ बघत राहिले.

"मारोतराव, हे काय?"

"असंच असते," मारोतराव म्हणाले.

असे काही दिवस गेले. लुंगी ढिली व्हायची, मॉनिटर कलायचा, मारोतराव मान कलती करून वाचायचे. मग वैष्णवीचा फोन आला. आज रात्री ती पुण्याहून निघणार होती. आवाज बारीक होता. "काकाजी, मी पार पाहिला. अजून कोणीच बोलून नाही राह्यलं. तुम्ही लई केलं, पण आता घरी आली का बंदची सूचना लावून देतो."

"बरं," मारोतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

इंदुताई शेजारी अनारसे करायला गेल्या होत्या. दुपारची वेळ, घरात कोणी नाही. बांधलेल्या मॉनिटरपुढे मारोतराव बसून राहिले आणि काय कारण कोण जाणे, त्यांना तो फाटा आठवला. तो लिंब, आणि काठी टेकून उठलेला तो म्हातारा. इतक्या वर्षांत मारोतरावांना वाटत आलं होतं की आपण त्या दिवशी कोणापुढे वाकलो नाही. आता एकदम त्यांना दिसलं की तो म्हातारा कशासाठी उठला होता. तोही बिचारा फाट्यावर येऊन बसायचा, कोणी विचारील म्हणून. स्कूटर थांबली तेव्हा त्याचा चेहरा केवढा उजळला होता! आणि ती धूळ उडवून निघून गेल्यावर तो परत खाली बसला असेल. कसं बसला असेल ते मारोतरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी स्टँडवरून येऊन ते स्वतः तसेच बसायचे. त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी चष्मा पुसला आणि पारावर लिहिलं: 'मी मारोतराव निखाडे. माझा पडदा उलटा झाला आहे. मला येत नाही. कोणाला येत असल्यास सांगावे.' मग 'मला येत नाही' खोडलं. मग पुन्हा लिहिलं. आणि डोळे मिटून बटण दाबलं.

बराच वेळ काही झालं नाही. सगळा जिल्हा हबकला असावा. मग एक ओळ आली, हंसाबाईंची.

'काकाजी, कोणती मशीन? काय केलं होतं? आता काय दिसून राह्यलं? तिन्ही सांगजा, नाई तं मांगं सरका.'

मारोतरावांचे कान तापले. त्यांनी मुकाट्यानं तिन्ही सांगितलं. काय केलं होतं, त्यासमोर लिहिलं: 'पुसत होतो.'

दिपाली मॅडमनी लिहिलं, केबल बघा. बियाण्याच्या दुकानातल्यानं लिहिलं, आमच्या मशीनवर नारळ फोडला तेव्हापासून त्रास नाही. वाचनालयातला म्हणाला, 'काकाजी, मॉनिटरच उलटा करून पाहा.'

'केला आहे,' मारोतरावांनी लिहिलं.

मग सगळे एकदम, 'फोटो टाका.' मारोतरावांनी मोबाइलवर फोटो काढला. उशा, लुंगी, गज, उलटा मॉनिटर, आणि काचेत उमटलेलं स्वतःचं डोकं. टाकला.

त्या दिवशी कोणी हात जोडले नाहीत. लोक हसले. जिल्हाभर जिथं जिथं पळस होता तिथं तिथं हसले. एकानं लिहिलं की आपण एकदा माउस उलटा धरून आठवडाभर काम केलं, लाज वाटली म्हणून बोललो नाही. दुसऱ्यानं त्याच्याहून भारी सांगितलं. आणि या गोंधळात वणीहून पिंटू पारावर धावत आला.

'अहो काकाजी, ते तं माह्या काट्याचे बटनं आहेत! कंट्रोल आन् आल्ट दाबून धरा, मंग खालचा बाण.'

'खालचा नाई रे, वरचा,' हंसाबाईंनी लिहिलं. 'खालच्यानं उलटं होते. माह्या पोरीनं केलतं एकदा.'

'बाई, काटा माहा आहे का तुमचा?'

'तुह्या काट्यावर जगच उलटं टांगलं आहे, तुले काय समजते सरळ कोणतं!'

दोघं भांडत होते. मारोतरावांच्या तोंडादेखत, त्यांना न विचारता भांडत होते, आणि त्यात दिपाली मॅडम आणि वाचनालयवाला बाजू घेत होते. मारोतरावांनी वरचा बाण दाबला. चित्र सरळ झालं. म्हणजे मॉनिटर उलटा असल्यामुळे परत उलटं दिसायला लागलं. इंदुताई परत आल्या तेव्हा नवरा उशांवर वाकून लुंगीची गाठ सोडवत होता आणि एकटाच हसत होता.

गाठ सुटल्यावर त्यांनी पारावर लिहिलं, 'वरचा. हंसाबाई बरोबर. धन्यवाद.' हा शेवटचा शब्द खिडकीच्या त्या बाजूचा होता. त्यांनी तो पहिल्यांदाच वापरला.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी आली, बॅग ओसरीवर टाकून आधी पार उघडला, आणि वाचता वाचता हसून पायरीवरच बसली. उलट्या पडद्याच्या खाली बोलणं पुढे गेलंच होतं. हंसाबाईंनी दिपाली मॅडमना प्रिंटरचं मागचं झाकण सांगितलं होतं, पिंटूनं बियाण्याच्या दुकानाला, मशीन पुन्हा अडलीच तर, नारळाशिवाय दुसरा उपाय सांगून ठेवला होता. बंदची सूचना लागली नाही. वैष्णवीनं मारोतरावांच्या पायाला हात लावला तर ते म्हणाले, "आता फराळाचं पाह्य, बाकीचं लोक पाहून राह्यले."

लोक खरंच पाहू लागले, आणि ते इतकं की मारोतरावांची पंचाईत झाली. दुपारची झोप काढून ते पारावर यावेत तर उत्तर देऊन झालेलं. नवा प्रश्न आला, चष्मा लावेपर्यंत हंसाबाईंनी निकाल लावलेला. जे व्हावं म्हणून धडपडले तेच झालं होतं, आणि तरी कुठंतरी खुपत होतं.

"वाईट वाटून राह्यलं का?" इंदुताईंनी विचारलं.

"मले कायले?" ते म्हणाले. पण म्हणताना खिडकीबाहेर बघितलं.

मग एक दिवस पारावर एक नवीन नाव आलं. हिरासिंग, कुठल्याशा लांबच्या तांड्यावरचा. त्यानं लिहिलं होतं: 'राम राम. आजच पळस घेतला. एक विचाराचं होतं. पण लई साधं आहे, लोक हसतीन. राहू द्या.' एवढंच. सगळे येऊन वाचून पुढे निघून गेले, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

मारोतराव खुर्चीत पुढे सरकले. न विचारणारा माणूस कसा असतो हे त्या पारावर फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी लुंगीचा आणि उलट्या मॉनिटरचा फोटो शोधून काढला, पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं: 'हिरासिंग, हा माहा फोटो. याच्याहून जास्त हसण्यासारखं असन तं राहू द्या. नाही तं विचारा. मी बसलो आहे.'

ते खरंच बसून राहिले. इंदुताईंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

मग ओळ आली. 'काकाजी, हे बंद कसं कराचं?'

मारोतरावांनी पहिल्याच खेपेला सांगितलं.